अश्वशक्तीची साक्ष

नवा एअर फिल्टर वा सायलेन्सर बसविला की मोटारीची पंधरा-वीस अश्वशक्ती वाढते, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. आमच्या भाच्याने वर्षाची शिल्लक या आश्वासनावर घालावयाचे ठरविले, तेव्हा आम्ही एवढेच विचारिले, "साक्षीदार कोण?" आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, असे नव्हे. खरी साक्ष डायनॅमोमीटरची. एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, त्याच गियरमध्ये, बदलापूर्वी व बदलानंतर तीन-तीन वेळा मोजणी व्हावी. कारण थंड हवा दाट असते आणि तिने इंजिनाचा जोर आपोआपच वाढतो. कारखाना सांगतो ती शक्ती इंजिनाची, असे यंत्र मोजते ती चाकांवरची. या दोहोंची तुलना व्यर्थ होय. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास सायलेन्सर, पंखा आदी जोडूनच इंजिन मोजण्याची रीत आली आणि तीच इंजिने कागदावर दुबळी ठरली. तीन मोजण्यांतच जेवढा फरक पडतो, त्याहून वाढ मोठी नसेल तर दावा शाबीत झाला नाही, असेच आम्ही म्हणू. शिवाय नोंदणीपत्राशी विसंगत फेरफारांस १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. भाच्याने विक्रेत्याकडे मोजणीचा कागद मागितला आहे. तो येईतो पैसे बँकेतच आहेत.