निळ्या फळाचे हिरवे धिरडे

बदलीचा हुकूम घेऊन मी जयपुरास रुजू झालो त्यास आता बत्तीस वर्षे लोटली, आणि सेवानिवृत्तीनंतर पुण्यास परतण्याचा बेत दरवर्षी पुढे ढकलता ढकलता अखेर मुक्काम येथेच कायम झाला. परंतु या शहराच्या ज्येष्ठातील उन्हाशी माझे खरे सख्य जुळले ते मागल्या वर्षी, आणि तेही एका परदेशी फळाच्या निमित्ताने.

रक्तातील साखर वाढल्याचा अहवाल हाती पडताच माझ्या आहाराचा सारा कारभार सूनबाईने आपल्या ताब्यात घेतला, आणि एके सायंकाळी १२५ ग्रॅमची एक पारदर्शक डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बाबा, या ब्लूबेरी. रोज मूठभर खायच्या." आकार करवंदाएवढा, वर्ण गर्द निळा, आणि प्रत्येक फळावर काळ्या द्राक्षावर असतो तसा राखी, मेणकट थर. हा थर फळाचा ओलावा राखतो, म्हणून खाण्याच्या वेळीच ते धुवावे, हे मला ठाऊक नव्हते. मी सारी डबी आल्याआल्या धुतली, आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या फळांना बुरी आली.

उरलेली फळे वाया जाऊ नयेत म्हणून मी ती कणकेच्या धिरड्यांत घातली, आणि धिरडी हलकी व्हावीत म्हणून खायचा सोडाही सढळ हाताने टाकला. तव्यावर फळे फुटली, रस पसरला, आणि जांभळे होईल असे वाटलेले पीठ पाहता पाहता शेवाळासारखे हिरवट झाले. ते नासले नव्हते. या फळाचा रंग ज्या अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो, ती आम्लाच्या संगतीत तांबूस आणि आम्लारीच्या संगतीत निळी-हिरवी होतात. सोडा हा आम्लारी, त्याने आपले काम केले. पुढच्या खेपेस मी पीठ ताकात भिजवले, सोडा वगळला, आणि धिरड्यांवर सुरेख जांभळी नक्षी उमटली. याहून सोपा प्रकार म्हणजे पाणी न घालता ही फळे मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावीत, फुटू लागली की लिंबू पिळावे. साखरेवाचूनही दाट, आंबटगोड चटणी तयार होते.

गुणांविषयी म्हणाल, तर शंभर ग्रॅम फळात सुमारे ८४ ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम साखर आणि अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. मधुमेह्याने मूठभर खाण्यास हरकत नसावी इतका हा हिशेब सौम्य आहे. रक्तवाहिन्या व स्मरणशक्ती यांना त्या रंगद्रव्यांचा लाभ होतो काय, याचे संशोधन चालू आहे आणि काही निष्कर्ष आशादायकही आहेत. परंतु फळ खाल्ले म्हणून वैद्याने दिलेली गोळी चुकवावी, असे त्यातून मुळीच निघत नाही.

त्या हिरव्या धिरड्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली: आम्लारीशी या फळाच्या झुडपाचेही जमत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधील व्हाइट्सबॉग येथे एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी रानात हिंडणाऱ्या लोकांकडून मोठ्या फळांची झुडपे शोधून घेतली, फ्रेडरिक कॉव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचे संकर केले, आणि १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. त्याआधी कॉव्हिल यांनी सिद्ध केले होते की या झुडपास आम्लधर्मी मातीच हवी. माझ्या अंगणातील वाळूमिश्रित, आम्लारी माती आणि क्षारयुक्त पाणी यांत ते रोप जगणार नाही, हे मग मला कुणी वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

मात्र याच मातीत काय पिकते, हे पाहावयास मी चांदपोलच्या बाजारात गेलो. ओल्या फडक्याखाली टोपलीत जांभळट, वाटाण्याएवढे फालसे होते. बत्तीस उन्हाळे मी त्यांच्याजवळून गेलो, पण कधी थांबलो नव्हतो. "आज ही खा लेना, बाबूजी, कल तक नहीं रुकेंगे," असे म्हणत विक्रेत्याने वर काळे मीठ भुरभुरून द्रोण हाती दिला. हे फळ तोडल्यावर एकदोन दिवसांतच उतरते, म्हणून ते दूरदेशी जात नाही, आणि म्हणूनच त्याचा बोलबालाही होत नाही. वस्तुतः त्याचा जांभळा रंगही त्याच अँथोसायनिनांचा. चरकसंहितेत 'परूषक' या नावाने ते द्राक्ष, खजूर, डाळिंब यांच्या पंक्तीस, श्रम हरण करणाऱ्या दहा द्रव्यांत गणले आहे. लू अंगावर घेऊन घरी आलेल्या माणसाने फालशाचे सरबत प्यावे, म्हणजे त्या वर्गीकरणाची सार्थता पटते.

सरबतासाठी फालसे तासभर गार पाण्यात भिजवून हातानेच कुस्करतो, कारण यंत्रात बिया भरडल्या की रस तुरट होतो; गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळे मीठ आणि पुदिना घालतो. साखर घरच्या इतरांसाठी. गाळल्याने तंतू चोथ्यात जातात, म्हणून माझ्या वाट्याचे अर्धे फालसे मी तसेच, बियांसकट चावून खातो.

ब्लूबेरीची डबी अजूनही महिन्यातून एकदा घरी येते, आणि ती मी आवडीने खातो. पण मे-जूनमध्ये जयपुरास येणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी परकोटाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, आतील बाजारात सकाळी लवकर जावे, फालशाची टोपली दिसली की थांबावे, आणि घेतलेले फालसे त्याच दिवशी संपवावेत. पावसाने जोर धरला की ते मिळत नाहीत.