पुस्तक मिटून अभ्यास

चाळिशी उलटल्यावर मी बी.ए.ला नाव घातलं. "आता या वयात कशाला?" असं सासूबाई म्हणाल्याच. पहाटे उठून मानसशास्त्रातला विस्मरणाचा धडा चारदा वाचला, ओळी रंगवल्या. आणि चाचणीत नेमका तोच विसरले! उत्तरपत्रिका पिशवीच्या तळाशी दडवून घरी आले.

लेक म्हणाली, "आई, तू नुसतं वाचतेस. पुस्तक मिटून सांग पाहू!" तेव्हापासून पोळ्या लाटताना तिला धडा सांगते, अडेल तेवढंच उघडून बघते. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा सांगते. पाठ केलेलं पहिल्या दिवसातच बरंचसं निसटतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 सालीच लिहून ठेवलंय. त्या धड्यातच होतं की ते!

परवा निकाल लागला. पास झाले. गुणपत्रिका देवापुढे ठेवली ती सासूबाईंनीच.