पॅरिसच्या पंक्तीला

पॅरिसहून परत आलेल्या माणसाला आयफेल टॉवरची उंची कोणी विचारीत नाही. "जेवणाचे काय केलेत?" हाच पहिला प्रश्न असतो आणि तो विचारताना विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधीच सहानुभूती पसरलेली असते. आम्हांलाही तो इतक्यांनी विचारला, की एकदा सविस्तर उत्तर लिहून मोकळे व्हावे असे ठरवले. शिवाय ते उत्तर "छान होते" किंवा "हाल झाले" इतक्या दोन शब्दांत मावणारे नाही.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या लग्नाला वीस वर्षे पुरी झाली. भाचा तिकडे नोकरीला असल्यामुळे राहण्याचा खर्च नव्हता. सौ.ने आपल्या भिशीचे पैसे निराळे ठेवले होते. कशासाठी, म्हणून विचारले तर म्हणाली, "आजवर मी पुष्कळ पंगती वाढल्या. एकदा मलाही कोणी नीट बसवून वाढू दे." मराठीच्या प्राध्यापकाच्या पगारात पॅरिसचे उंची भोजन बसत नाही, भिशीत बसले.

तिकडे उंची भोजनालयांची प्रत ताऱ्यांवरून ठरते, आणि हे तारे वाटते कोण, तर मोटारीचे टायर करणारी मिशलॅं कंपनी. १९०० साली तिने मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. लोकांनी हिंडावे, म्हणजे टायर झिजतील, असा सरळ व्यापारी हिशेब. १९२६ साली तिने चांगल्या भोजनालयांच्या नावापुढे तारा छापायला सुरुवात केली आणि पुढे तीन ताऱ्यांपर्यंत मजल गेली. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे ठिकाण. तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावे असे. एका ताऱ्यासाठीदेखील तिथला आचारी आयुष्य पणाला लावतो म्हणतात.

आम्ही एक ताऱ्याचेच ठिकाण निवडले आणि तेही दुपारचे, कारण अशा ठिकाणी ठरावीक पदार्थांचे दुपारचे जेवण रात्रीच्या मानाने बरेच स्वस्त पडते. भाच्याने जागा राखून ठेवताना, एक पाहुण्या शाकाहारी आहेत, मांसमासे चालत नाहीत, अंडे केकापुरते चालते, असे लेखी कळवले होते. त्या जागेचे नाव मी सांगणार नाही. पुढची हकिकत वाचल्यावर कारण कळेल.

आत शिरताच आवाज बदलला. रस्त्यावरचे पॅरिस बाहेर राहिले. पांढरेशुभ्र टेबलपोस, त्यांवर सुरकुती नाही. खुर्ची मागे सरकवायला एक माणूस आणि पुढे सरकवायलाही तोच. सौ. बसली ती पैठणी सावरून, अगदी ताठ. मग हातांत पदार्थांची पत्रे आली. तिने तिचे पत्र उलटसुलट करून पाहिले आणि हळूच म्हणाली, "अहो, ह्याच्यावर किंमतच नाही!"

माझ्या पत्रावर होती. जुन्या वळणाच्या काही घरांत अजून अशी रीत आहे, की बाईच्या हाती बिनकिमतीचे पत्र द्यायचे. यजमान पुरुष पैसे देणार, तिने निश्चिंतपणे निवडावे. पैसे बाईच्या भिशीचे आहेत हे त्या बिचाऱ्या वाढप्याला काय ठाऊक! वीस वर्षे वाण्याचा हिशेब ठेवणारीने शांतपणे पत्रांची अदलाबदल केली. "किंमत माहीत नसताना मागवायचे म्हणजे उधारीवर जेवण्यासारखे," ती म्हणाली. वाढपी हसला. तोवर सगळे गोड होते.

आणि अन्न? खोटे कशाला बोलू? पाव इतका ताजा, की मोडताना कवचाचा आवाज यावा. लोणी आपल्या घरच्या लोण्याशी नाते सांगणारे. मला मिळालेला मासा नुसता दडपून, वरून लिंबाचा रस आणि हिरव्या पाल्याचे दोन थेंब. पण तसा मासा मी मालवणातही खाल्लेला नाही. सौ.ला आला तो वसंतातल्या कोवळ्या मटारांचा आणि इवल्याशा सलगमांचा पदार्थ, वर चकचकीत तांबूस रस. दिसायला इतका देखणा, की तिने आधी तो नुसता पाहिला.

पहिला घास घेतला आणि ती थांबली. रोज आमटीची फोडणी नाकाने ओळखणारी बाई ती. "विचारा ना, ह्यात काय आहे?" वाढप्याने विश्वासाने सांगितले, "मांस मुळीच नाही, मादाम. फक्त वासराच्या हाडांचा अर्क."

सौ.ने चमचा खाली ठेवला. पाणी प्याली. डोळे भरले नाहीत, आवाज चढला नाही. फक्त पदराचे टोक मुठीत घट्ट धरलेले मला दिसले. "एवढे उचलायला सांगा," ती म्हणाली. "तुम्ही जेवा. अन्नावरून उठायचे नाही."

मुख्य वाढपी आला. प्रथम त्याला अपराध काय घडला तेच समजेना. रस म्हणजे काही मांस नव्हे, हे त्याच्या लेखी इतके उघड होते! आणि ह्यात त्याची लबाडी नव्हती. फ्रेंच स्वयंपाकशास्त्राची इमारतच त्या रसावर उभी आहे. ऑग्युस्त एस्कोफिए ह्या पाकशास्त्रज्ञाने १९०३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही तिकडच्या आचाऱ्यांचा आधारग्रंथ आहे. त्यात हाडामांसाच्या अर्कांना फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थच मुळी 'पाया'. फार काय, 'रेस्तराँ' हा शब्दही प्रथम जागेचा वाचक नव्हता. थकल्याभागल्याला तरतरी आणणारा मांसरस, तो रेस्तराँ. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये असा रस विकणारी दुकाने निघाली आणि रसाचे नाव दुकानाला चिकटले. तेव्हा आमच्या सौ.ने नाकारलेला तो चमचाभर रस म्हणजे त्या सगळ्या संस्थेचा मूळपुरुष होता!

पण ज्ञानाने घास गोड होत नाही. तिचा विश्वास मोडला होता, आणि तोही तिच्या दिवशी.

पाचसात मिनिटांनी आतून एक तरुण आचारी स्वतः आला. हातात बशी होती. पांढऱ्या शतावरीचे कोंब, त्यांवर लोणी आणि मीठ. दुसरे काही नाही. ह्या भाजीचा तिकडे हाच हंगाम. त्याने बशी ठेवली, छातीवर हात ठेवला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "पाणी, लोणी, मीठ. मी केले." सौ.ने त्याच्याकडे पाहिले आणि ते सगळे कोंब खाल्ले. नंतर मला म्हणाली, "भूक मेली होती. पण तो पोरगा उभा होता ना!"

शेवटचे सूफले उत्तम होते. बिल दोघांचे २४० युरो, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे तेवीस हजार रुपये. ते पुरे लागले. त्यात सूट मिळाली नाही आणि आम्ही मागितलीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा आम्हांला एका 'बुयाँ'त घेऊन गेला. बुयाँ म्हणजेही रसाच! एकोणिसाव्या शतकात द्युव्हाल नावाच्या एका खाटकाने पॅरिसच्या कष्टकऱ्यांसाठी स्वस्त मांसरसाची खानावळ काढली. तिथून ही परंपरा. १८९६ साली निघालेली 'शार्तिए' ही त्यांतली प्रसिद्ध. तिथे नेहमीच्या गिऱ्हाइकांचे हातरुमाल ठेवायचे नंबरवार खण भिंतीत अजून आहेत, आणि वाढपी बिल मांडतो ते टेबलावरच्या कागदावर. आम्ही गेलो ती खानावळही त्याच थाटाची. अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसवतात. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी सौ.च्या पैठणीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. उकडलेले बटाटे, व्हिनेगर घातलेले लीक आणि पाव. पाणी फुकट, नळाचे पाणी फुकट देणे तिकडे कायद्यानेच बंधनकारक आहे.

आता वाचकांना वाटेल, मी म्हणणार की गरिबाघरची भाकरी श्रीमंताच्या पक्वान्नाहून गोड. मुळीच नाही. बटाटे बेचव होते, गोंगाट फार होता आणि वाढप्याला घाई होती. आदल्या दिवशीच्या माशाची आणि त्या शतावरीची सर त्याला नव्हती. सौ.चे मतही हेच. "परत जायचे तर पहिल्याच ठिकाणी जाईन," ती म्हणाली. "मात्र आधी स्वयंपाकघरात डोकावून."

फ्रेंचांच्या भोजनविधीला २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. ते योग्यच. एकामागून एक पदार्थ येण्याची त्यांची आजची रीत मात्र मूळची त्यांची नाही. ती एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आली. त्याआधी तिकडच्या मेजवानीतही आपल्या ताटाप्रमाणे अनेक पदार्थ एकदम मांडीत. फरक राहिला तो दुसऱ्या गोष्टीत. आपल्या पंक्तीत वाढणारा ओळीतून फिरतो, प्रत्येकापाशी वाकून विचारतो. आग्रहाचा जाच आपण सगळ्यांनीच सोसला आहे, पण त्या विचारण्यात "तुम्हांला काय चालते?" हा प्रश्न असतो. तिकडे पदार्थ आतून पूर्ण होऊनच येतो. खाणाऱ्याने त्याचे कौतुक करावे, एवढेच काम उरते.

पण हीही रीत पालटते आहे. 'लार्पेज' ह्या तीन ताऱ्यांच्या भोजनालयाचे आलॅं पासार ह्यांनी २००१ साली लाल मांस बंद केले, आणि आम्ही परतल्यावर, २०२५ च्या जुलैत, मधाखेरीज सगळेच प्राणिजन्य पदार्थ बंद केल्याचे जाहीर केले. म्हणजे सौ.ची अपेक्षा काही जगावेगळी नव्हती.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: नुसते 'शाकाहारी' लिहू नका. मांस नको, मासा नको, त्यांचा अर्कही नको, असे फोड करून लिहा. चीजचीही चौकशी करा. तिकडच्या पुष्कळ जुन्या चीजांत दूध घट्ट करायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात.

सौ. अलीकडे घरी पाहुणा आला, की पान मांडण्याआधी त्याला विचारते: लसूण चालतो ना? दाण्याचे कूट? पाहुणे "काहीही चालते हो," म्हणतात. ती म्हणते, "काहीही नको. नीट सांगा." आणि त्यांनी नीट सांगितल्यावरच पळी हातात घेते.