डोईवरची जागा

भिंतीवरची तसबीर आणि मोबाइलवरचे चित्र यांत एक मोठा फरक आहे. तसबिरीची चौकट चित्राच्या मापाने बनवतात. मोबाइलवर चौकट आधीच ठरलेली असते आणि चित्राला तिच्या मापाचे व्हावे लागते. खाट आखूड पडली म्हणून सुताराने निजणाऱ्याचेच पाय तासावेत, तसला हा प्रकार.

आताशा आमच्या सीमाभागातही निम्मे वाचन मोबाइलवरच्या ॲपमध्ये चालते. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर एक आडवे चित्र. लेखाआधी डोळा तिथेच जातो. पण त्या पट्टीत बसण्यासाठी चित्राने काय गमावले, हे कोण पाहतो?

हिशेब आठवीतल्या गुणोत्तर-प्रमाणाचा आहे. ही पट्टी बहुधा १६ः९ या मापाची. जुन्या रिळावरचे छायाचित्र ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच, म्हणजे ३ः२. ते पट्टीभर पसरले की उंचीचा सुमारे सहावा हिस्सा जातो. निम्मा वरून, निम्मा खालून. शाळेच्या गटछायाचित्रात बाकावर उभ्या राहिलेल्या मागच्या ओळीचे भांग जातात, पुढे मांडी घालून बसलेल्यांचे गुडघे. चित्र उभे, ३ः४ मापाचे असेल, तर शंभरातले बेचाळीसच भाग उरतात.

१९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून आपली मुखपृष्ठे उभीच. गोमंतकीय चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केले. त्यांचे एखादे उभे मुखपृष्ठ या पट्टीत घाला. चेहरा राखावा तर पावले जातात, पावले राखावीत तर चेहरा.

इथवर ही नुसती हळहळ. पण दुभाषी मुलखात कातर कुठे चालते, याला फार अर्थ असतो. गेल्या वर्षी आमच्या शाळेविषयी एक लेख एका ॲपवर आला. सोबत प्रवेशद्वाराचे उभे छायाचित्र. वर कमानीवर शाळेचे नाव कन्नडमध्ये, खाली फाटकावर मराठीत. ॲपने मधला पट्टा ठेवला. कमान उडाली, मराठी नाव राहिले. दुपारी कन्नड माध्यमाचे दोन पालक आले. "सर, आमचं नाव कुठं गेलं?" मी संपादकांना कळवले. त्यांनी लगोलग चित्र सरकवले. कमान दिसू लागली, फाटक गेले. संध्याकाळी आमची मंडळी दारात. "गुरुजी, मराठी पुसली की काय?" वास्तविक फाटकाच्या रंगाचा टवकाही उडाला नव्हता. कुणी एक शब्द खोटा लिहिला नव्हता, तरी दिवसभरात चित्र दोनदा खोटे बोलले होते.

यंत्रावर सोपवून हे सुटते असेही नाही. माणसाची नजर आधी कुठे जाईल याचा अंदाज बांधून चित्र कापणारी यंत्रणा ट्विटरने २०१८ साली आणली. काळा व गोरा चेहरा एकत्र असला की ती गोरा निवडते, अशी ओरड २०२० साली झाली. कंपनीने स्वतः तपासले, तेव्हा गोऱ्यांकडे थोडा कल आढळला. २०२१ मध्ये तिने मोबाइलवर नेहमीच्या मापाची चित्रे अखंड दाखवायला सुरुवात केली. कुठे कापावे, हे माणसाने ठरवावे, हा त्यातला धडा.

आमच्यापुरता उपाय साधाच निघाला. शाळेतला एक शिक्षक रस्त्यापलीकडे गेला, मोबाइल आडवा धरला आणि कमान व फाटक दोन्ही मधोमध घेऊन, वरखाली मोकळी जागा सोडून नवे छायाचित्र काढले. ते पट्टीत नीट बसले. संपादकांनाही दोन गोष्टी सुचवल्या. चित्रातला राखायचा बिंदू आधी नेमून द्यावा. उभे चित्र टाळता येत नसेल, तर ते अखंड ठेवून दोन्ही बाजू रिकाम्या सोडाव्यात. बोट लावताच पूर्ण चित्र उघडण्याची सोय तर हवीच. रिकामी जागा त्यांना ओकीबोकी वाटते म्हणे. मला नाही वाटत.

छायाचित्र काढताना डोक्यावर चार बोटे जागा सोडा, असे मी आता मुलांना सांगतो. जवळ जाऊन एकाचेच नाव मोठे करण्यापेक्षा चार पावले मागे सरून दोन्ही नावे घ्यावीत. सीमेवर राहणाऱ्यांना हे मागे सरणे जड जाऊ नये. त्याने आपले नाव थोडे लहान दिसते, पण जागेवर असते.