राँग साइडची तीन मिनिटं

आज साखर-बीपी नाही, आज रस्त्याबद्दल लिहितोय. विषय शेवटी दवाखान्यातच येणार आहे.

मी महिन्यातून दोनदा साताऱ्याहून सांगलीला जातो. साधारण सव्वाशे किलोमीटर. पेठ नाक्यापर्यंत पुणे-बंगळूर महामार्ग, तिथून डावीकडे आष्ट्यावरून सांगली. या वाटेवरच्या फाट्यांवर आपण गाड्यांची जी भाषा बोलतो ती कुठल्याही पुस्तकात नाही. चारही इंडिकेटर लागले की 'मी सरळ जाणार'. खरं तर ते दिवे गाडी बंद पडल्यावर लावायचे. ट्रकचा उजवा इंडिकेटर म्हणजे 'मी वळतोय' किंवा 'तू पुढे काढ', आणि यातलं कुठलं ते आपण ओळखायचं. समोरच्याने डिपर मारला तर 'मी थांबणार नाही'. इंग्लंडमध्ये तोच इशारा बहुतेक वेळा 'तुम्ही आधी जा' असा घेतात. आणि मोटारसायकलवर मागे बसलेल्या वहिनींनी हात बाहेर काढला की अख्खा महामार्ग थांबला पाहिजे. ऊस सुरू झाला की दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो. गाणी मोठ्याने, मागे दिवा नाही. त्यात शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे कालचा रस्ता आज तिथे असेलच असं नाही.

हे सगळं पाहून मी हसायचो. आता तेवढं हसू येत नाही.

माझे एक जुने पेशंट होते. पन्नाशीतले, दुधाचा धंदा. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. पंधरा वर्षं त्यांचा डायबेटिस मी सांभाळला. घर महामार्गाच्या एका अंगाला, डेअरी दुसऱ्या अंगाला. पुलाखालून वळून जायचं तर तीन मिनिटं जास्त, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ राँग साइडने. वर्षाला सातशेच्या वर फेऱ्या आणि प्रत्येक वेळी सुखरूप. आपला मेंदू असाच शिकतो. धोका पत्करला, काही झालं नाही, वेळ वाचला, की पुढच्या वेळी तो धोका त्याला धोका वाटतच नाही. ही बेफिकिरी नसते, सवय असते. सिगरेट ओढणाराही मला हेच सांगतो, 'डॉक्टर, वीस वर्षं ओढतोय, काही झालं नाही.'

पण साधा हिशोब करा. तुम्ही ताशी ४० ने, समोरून गाडी ८० ने. दोघं एकमेकांकडे १२० च्या वेगाने येताय, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. शंभर मीटरवर दिसलात तर हातात तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. रात्री लख्ख दिवा डोळ्यांवर आला की पुन्हा नीट दिसायलाही काही सेकंद लागतात. वय वाढलेलं किंवा मोतीबिंदू असेल तर त्याहून जास्त.

त्या संध्याकाळी अण्णांना गाडीचा धक्कासुद्धा लागला नाही. समोरून कार आली, त्यांनी हँडल वळवलं आणि कडेला आपटले. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. लोकांनी उठवलं, चहा पाजला, ते चालत घरी गेले. साडेआठला मुलाचा मला फोन, 'डॉक्टर, अण्णा गाडीवरून जरा घसरलेत, बरे आहेत, रात्रीची गोळी द्यायची का?' मी विचारलं, जेवलेत का. जेवलेत म्हटल्यावर 'द्या' म्हणालो. डोकं आपटलंय का, हे मी विचारलं नाही.

रात्री ते मोठ्याने घोरत होते. दमलेत, झोपू दे, असं घरच्यांना वाटलं. पहाटे ते हलवूनही उठेनात. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

डोक्याला मार लागल्यावर कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये एखादी रक्तवाहिनी फुटून रक्त हळूहळू साठू शकतं. पहिले काही तास माणूस बोलतो, चालतो, जेवतो. मग डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, बोलणं अडखळतं, एका हातापायातली ताकद जाते, एक बाहुली मोठी दिसते, गुंगी येते. आधी न घोरणारा माणूस घोरू लागला आणि हाक मारून जागा होत नसेल तर ती झोप नव्हे, बेशुद्धी आहे. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असेल तिथे न्या. क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी तपासून घ्या. पहिली रात्र पेशंटला एकटं झोपवू नका.

दुसऱ्या कुणाला पडलेलं पाहिलंत तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४अ मुळे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने राँग साइडने जाणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलं. मीही पूर्वी घाईत असताना एका फाट्यावर तसाच घुसायचो, हे इथे कबूल करतो.

आता केसपेपर लिहिताना पथ्य, गोळ्या, झोप विचारून झाली की मी आणखी एक विचारतो, 'हायवे कुठून ओलांडता?' परवा एक आजोबा चिडले. 'डॉक्टर, तुम्ही आरटीओत लागलात काय?' म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, 'मी नाही हो, नातू जातो तसा.' मी म्हटलं, पुढच्या वेळी त्याला घेऊन या.