दोन शिंगांचा पुदिना

पुदिन्याची जुडी निवडायला बसले की माझं काम अर्ध्यात अडतं. एक पान चुरगळायचं, बोटं नाकाशी न्यायची, मग दुसरं. चटणीला उशीर होतो, स्वयंपाकघरातून हाका येतात. या खोडीपायीच थॉमस आयझ्नर मला आपल्यातला वाटतो. कॉर्नेल विद्यापीठातला हा कीटकांचा अभ्यासक फ्लॉरिडातल्या आर्चबोल्ड जैविक केंद्रात वरचेवर जायचा. तिथल्या वाळूतल्या एका बुटक्या झुडपाला किडीने तोंडसुद्धा लावलं नव्हतं. पान चुरगळावं तर पुदिन्याचा घमघमाट! त्याने आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये या वासाचा उलगडा केला. पान दुखावलं की इवल्या कुप्या फुटतात, तेल सांडतं आणि मुंग्या मागे फिरतात. त्या तेलात ट्रान्स-प्युलेगॉल नावाचं द्रव्य निघालं. एक सुरवंट मात्र हीच पानं खाऊन खुशाल वाढतो. ठेच्याशिवाय घास न उतरणारी माणसं आपल्यातही असतातच.

या रानपुदिन्याचं शास्त्रीय नाव डायसेरँड्रा. घराणं तुळशीचं, पण फुलाच्या पुंकेसरांवर बारीक शिंगं. नावात आहेत ती हीच दोन शिंगं. मधमाशीसारखी दिसणारी एक माशी येते, तिचा शिंगाला धक्का लागतो आणि परागाची पूड उडते.

1985 मध्ये हे झुडूप अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलं. चार वर्षांनी कळलं की एक समजून जिला जपायला घेतलं, त्या जातीत दोन जाती आहेत. एकीचे परागकोश पिवळेधमक आणि वास निलगिरीकडे झुकणारा. डोळ्यांआधी नाकाला पटावं असं हे वेगळेपण! दुसरीची सगळी वस्ती हायलँड्स काउंटीतल्या मोजक्या चौरस किलोमीटरांत.

इतकी चिमूटभर का? समुद्र चढलेला होता तेव्हा लेक वेल्स रिज हा वाळूचा कणा बेटांसारखा पाण्यावर उरला होता. तिथे एकटं पडून जे घडलं ते तिथलंच झालं. नंतर त्याच कोरड्या, उंच वाळूवर संत्र्याच्या बागा आल्या, मग घरं. आपल्या पुदिन्याची निवडून उरलेली काडी पेल्यात ठेवली तरी मुळं धरते. याला मात्र तीच वाळू हवी. 1993 मध्ये तिथे राष्ट्रीय अभयारण्य झालं, तेही मुख्यतः झाडाझुडपांसाठी. वाघ नाही, हत्ती नाही. मला हे फार आवडलं.

पण नुसतं कुंपण घालून भागत नाही. भोवतीची ओकची खुरटी झुडपं दाटली की मधली उघडी वाळू झाकली जाते आणि पुदिना विरळ होत जातो. त्याला वणवा लागतो. स्वतः तो आगीत मरतो. वाळूतलं बी मागे राहतं, उघड्यावर रुजतं. कोकणात राब भाजून त्या राखेत भाताचं बी पेरतात, ते मला आठवलं. तिथले जपणारे लोक म्हणूनच मुद्दाम आग लावतात, वाऱ्याची दिशा बघून, पाण्याच्या टाक्या जवळ ठेवून. पलीकडच्या बंगल्यांना धूर आवडत नाही. आणि अलीकडे, काळ्या वाळूत, बी पावसाची वाट बघतं.