हाताची घडी, तोंडावर बोट

ही आज्ञा पुण्यातल्या तीन-चार पिढ्यांना झोपेतही पाळता येईल. पण पाच वर्षांच्या मुलाची सगळी ताकद बोट तोंडावर टिकवण्यातच जाते, फळ्याकडे बघायला काही उरत नाही. वर्ग शांत होतो, आणि तेवढंच होतं.

*

प्रगतिपुस्तकातला ठरलेला शेरा : ‘हुशार आहे, पण वर्गात फार बोलते.’ पालक ‘पण’च्या पुढचंच वाचतात आणि घरी येऊन तेवढ्यावरच बोलतात.

*

लहान मूल एकटं ठोकळे रचत असताना कान देऊन ऐकावं. ‘आता लाल... हा नाही बसत... थांब, मोठा खाली.’ समोर कुणी नसतं. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ सालीच मांडलं होतं, की मूल असं बोलून स्वतःलाच वाट दाखवत असतं. काम अवघड झालं की हे बोलणं वाढतं. पुढे त्याची कुजबुज होते, मग ते आत जातं आणि त्यालाच आपण विचार म्हणतो. म्हणजे बडबड आणि एकाग्रता यांचं वैर नाही. गणित सोडवताना पुटपुटणाऱ्याला गप्प करू नये, ‘हळू पुटपुट’ म्हणावं.

*

शेजारणीशी गप्पा मारणं हा वेगळा प्रकार. त्यावर अनुभवी बाईंचे उपाय साधे असतात. अशा मुलीला पुढे बसवायचं, वह्या वाटायचं काम तिच्याकडे द्यायचं. एका वेळी एकच सूचना. दोघींत ठरलेली एक खूण, म्हणजे चारचौघांत नाव घेऊन ओरडावं लागत नाही. आणि हात वर करून थांबली, तर तेव्हाच शाबासकी. वर्गाबाहेर उभं करण्याचा उपयोग नाही, बाहेर बघायला जास्त असतं. शिवाय शिक्षण हक्क कायद्याने (२००९) मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे ‘बडबडी’ असं नाव पाडणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं.

*

बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघ मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डीला गेल्या, पुढे आदिवासी भागातल्या कोसबाडला. तिथली गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. मूल शाळेत रमत नसेल, तर आधी शाळेने काय बदलायचं ते बघावं, हा त्यातला धडा. तो शहरातल्या बंद खोलीतल्या बालवर्गालाही लागू आहे.

*

माँटेसरी पद्धतीत शांततेचा खेळ असतो. सगळे अगदी स्तब्ध बसतात, बाई दुसऱ्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत्या आवाजात घेतात, ज्याचं नाव येईल त्याने पाय न वाजवता जायचं. मुलांना हे आवडतं, कारण शांत राहणं इथे शिक्षा नसून कसब असतं. घरी मिनिटभर डोळे मिटून आवाज मोजावेत : कबुतर, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक, खालून गेलेली रिक्षा. नंतर यादी सांगायला तोंड मोकळं.

*

झोप कमी झालेलं मूल मोठ्यांसारखं पेंगतंच असं नाही. पुष्कळदा ते जास्त चुळबुळतं, जास्त बोलतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांना सांगितलं. पण रात्री अकरापर्यंत घरात टीव्ही चालू असेल, तर त्या परिपत्रकाने काय साधणार?

*

व्हॅनमधून उतरल्या उतरल्या ‘आज काय शिकवलं?’ विचारू नये. ‘डबा कुणाबरोबर खाल्लास?’ विचारावं, आणि मोबाइल बाजूला ठेवून उत्तर पूर्ण ऐकावं. आपली पाळी येते आणि आपलं ऐकलं जातं, हे घरी कळलेल्या मुलाला वर्गात पाळीची वाट बघणं सोपं जातं.

*

घरी, शाळेत, मैदानावर, सगळीकडेच महिनोन्‌महिने मूल जराही थांबू शकत नसेल, अभ्यास आणि मैत्री दोन्ही अडत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. कान तपासून घ्यावेत, नीट ऐकू न येणारं मूलही लक्ष न देणारं वाटतं. शिक्का मात्र घरीच मारू नये.

*

पुढच्या पालकसभेत ‘हिचं बोलणं कमी कसं होईल?’ असं विचारू नका. ‘ही कशाबद्दल बोलते, आणि केव्हा?’ असं विचारा. बाईंकडे याचं उत्तर असेल, तर पुढचा मार्ग त्यातूनच निघेल.